एकवीस मुलांचे डोळे

एक

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी मी स्टुडिओत शिरले, तेव्हा कटिंगच्या लांब टेबलावर एकवीस मुलं आडवी पडली होती आणि त्यांतल्या एकालाही डोळे नव्हते.

खरी मुलं नव्हेत, चित्रं. फोटोवरून केलेली, पण जलरंगात रंगवल्यासारखी दिसणारी, प्रत्येक माझ्या कमरेइतक्या उंचीचं. केस छान ओघळले होते, गालांवर रंगाचे हलके थर उमटले होते, पार्श्वभूमीला कागदाचा खरखरीतपणा होता. फक्त डोळ्यांच्या जागी राखाडी डाग होते, ओल्या बोटाने पाटीवरचं अक्षर फिसकटावं तसे. मी पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं, मग जवळजवळ धावतच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेले. घरात लहान मूल असलं की माणसाला मोजायची सवय लागते: जिन्याच्या पायऱ्या, पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या, जमिनीवर सांडलेली बटणं. मी मोजलं. बेचाळीस डाग.

छपाई बघणारे दादा खिशात हात घालून उभे होते. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ताई, मी फक्त बटण दाबलं."

ही चित्रं मुलांच्या एका रुग्णालयासाठी होती. बरी होऊन घरी गेलेल्या मुलांचे फोटो आईबापांनी हौसेने दिले होते. खालच्या मजल्यावर अशी बारा चित्रं दोन वर्षांपूर्वीच लागली होती. वरच्या मजल्यावर ही एकवीस गुरुवारी लागायची होती, आणि ती खालच्या बारांशी तंतोतंत जुळायला हवी होती. अडचण एवढीच की जुनी बारा ज्या फोटो एडिटरातल्या तयार 'जलरंग' इफेक्टने झाली, तो एडिटर जुन्या मशीनबरोबर गेला. नव्या आवृत्तीत तो इफेक्टच नव्हता. तोच परिणाम दुसऱ्या टूलमध्ये मुळापासून उभा करायला स्टुडिओच्या मालकीणबाईंनी मला घेतलं होतं. सकाळी नऊ ते एक इथे, उरलेलं काम घरून. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे आणि तिचं पाळणाघर दीडला बंद होतं. अशा वेळा मान्य करणारी नोकरी मी अकरा महिने शोधत होते. बाईंनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, हे काम पार पडेपर्यंत तात्पुरती. पार पडलं तर कायम.

बाई सव्वानऊला आल्या. टेबलाभोवती एक चक्कर मारली, पर्स खुर्चीवर ठेवली आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे मी, दादा, बाहेरच्या खोलीत ग्राहक सांभाळणारा बाईंचा भाचा, आणि टचअपचे काका. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं, असं मला वाटलं.

"शुक्रवारी चार वाजता मी स्क्रीनवर ही एकवीसच्या एकवीस पाहिली," त्या म्हणाल्या. "डोळे होते. चांगले होते. म्हणून छापा म्हटलं. मग मधल्या वेळात कुणी काय केलं?"

काका चष्मा पुसत राहिले.

"उद्या सकाळपर्यंत मला कळायला हवं," बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या. "नाहीतर हा प्रयोग इथेच थांबवू."

प्रयोग म्हणजे टूल की मी, हे त्यांनी सांगितलं नाही. आणि मला आणखी एक गोष्ट छळत होती. दादा ते टूल फक्त चालवू शकत. त्यात बदल करायला पासवर्ड लागायचा, आणि तो माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता.

दोन

ते टूल कसं चालतं हे सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच आहे.

पडद्यावर लहान लहान डबे असतात. त्यांना नोड म्हणतात. प्रत्येक डबा एकच काम करतो: एक फोटो गुळगुळीत करतो, दुसरा रंगांच्या छटा कमी करतो, तिसरा कडा शोधून गडद करतो, चौथा कागदाचा खरखरीतपणा तयार करतो. डबे एकमेकांना तारांनी जोडायचे. एका टोकाने फोटो आत जातो, दुसऱ्या टोकाने चित्र बाहेर पडतं. आम्ही या सगळ्या जोडणीला जाळं म्हणायचो. एडिटरातल्या एका बटणामागे काय दडलंय ते ओळखून माझं जाळं एकोणतीस डब्यांचं झालं होतं.

डोळ्यांनी मला पहिल्यापासून रडवलं होतं. गुळगुळीत करणारा डबा बारीक गडद गोष्टी गिळतो, आणि लहान मुलाचा डोळा म्हणजे बारीक गडद गोष्टच. डोळे वाचवायला गेले की शर्टाची बटणंही वाचायची, तीळ वाचायचे, नाकपुड्या तर भोकं पाडल्यासारख्या दिसायच्या. काकांनी जुन्या इफेक्टचे पाच नमुने दिले होते. त्यांत बटणं अगदी मऊ विरघळलेली आणि डोळे मात्र टवटवीत. चार आठवडे मी ते नमुने बघत बसले. नवरा म्हणायचा, तू माझ्याकडे लग्नाच्या वेळीही एवढं निरखून पाहिलं नव्हतंस.

गुरुवारी दुपारपर्यंत मला ते जमलं नव्हतं. शुक्रवारी जमलं होतं.

मी आधी जाळं तपासलं. टूल प्रत्येक वेळी सेव्ह करताना तारीख-वेळेसकट जुनी प्रत ठेवतं. शेवटची नोंद गुरुवारी दुपारी बारा चाळीसची, माझीच. त्यानंतर कुणी त्याला हात लावला नव्हता. आत जाणारे फोटो फोटोग्राफरच्या मूळ कार्डाशी ताडून पाहिले. तेच होते.

मग मी दादांकडे गेले. दादांचं या टूलवर मुळीच प्रेम नाही. ते आल्यापासून त्यांची दोन कामं वाढली, हे त्यांनी मला दर आठवड्याला ऐकवलेलं आहे. पण त्या दिवशी त्यांनी सगळं सरळ सांगितलं. शुक्रवारची चित्रं निम्म्या मापाची होती, फक्त पसंतीसाठी. शनिवारी सकाळी त्यांनी माप पूर्ण केलं, जाळं पुन्हा चालवलं आणि छपाई लावली. मीच तसं शिकवलं होतं. मोठ्या मशीनवर छापलेला कागद मागच्या बाजूला तोंड आत करून गुंडाळला जातो, त्यामुळे चित्रं काही त्यांना दिसली नाहीत. सोमवारी रीळ उलगडून कापायला घेतलं तेव्हा पहिला चेहरा समोर आला.

"मला वाटलं, शाई संपली," ते म्हणाले. "मग म्हटलं, शाई काय डोळे बघून संपते का?"

शुक्रवारची निम्म्या मापाची चित्रं कुठे आहेत, हे विचारलं. ती उरली नव्हती. फायलींची नावं तीच असल्यामुळे शनिवारची त्यांच्या जागी बसली होती.

एक खुलासा शक्य होता. काही डब्यांची मापं पिक्सेलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांत, असतात. चित्र मोठं झालं की परिणाम बदलतो. मी प्रत्येक माप टक्क्यांत ठेवलं होतं, पण चूक माझ्याकडून होऊ शकते, त्यातून मुलगी मांडीवर असताना केलेलं काम. म्हणून मी माप पुन्हा निम्मं केलं, शुक्रवारी होतं तेवढंच, त्याच मशीनवर, आणि नववं चित्र चालवलं.

पाच मिनिटांनी चित्र आलं. डोळे नव्हते.

तेच जाळं, तेच फोटो, तेच माप, तेच मशीन. या टूलमध्ये नशिबाचा भाग नसतो. कागदाचा खरखरीतपणासुद्धा दर वेळी कणाकणाने सारखा येतो. सारखं घातलं की सारखंच निघतं. आणि तरी शुक्रवारी बाईंनी बेचाळीस डोळे पाहिले होते. ते मीही पाहिले होते.

तीन

बाईंच्या भाच्यावर माझा संशय होता हे लपवत नाही. तयार इफेक्टांचा एक संच विकत घ्यावा, एका क्लिकवर सगळं, असं तो दोन महिने बाईंच्या मागे लागला होता. बाईंनी त्याचं न ऐकता मला घेतलं. मी नापास झाले असते तर तो रडला नसता.

तो बाहेरच्या खोलीत माहितीपत्रक मांडत बसला होता. मी शुक्रवारचं विचारलं तर खुर्ची माझ्याकडे न वळवताच म्हणाला की त्याला नोडबिड काही कळत नाही, त्याचा काय संबंध. म्हटलं, जाळ्याचं नाही विचारत, चित्रांच्या फोल्डरचं विचारतेय. तेव्हा त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाला की हो, उघडलं होतं. नव्या माहितीपत्रकात टाकायला तीन चित्रं उचलली होती. मावशीला विचारलं नव्हतं, कारण ती नाही म्हणाली असती.

"किती वाजता?"

"मी काय घड्याळ लावून उचलली का? तू गेल्यावर. तू पळतच गेलीस ना."

शुक्रवारी मी बारा पस्तीसला गेले होते. पाळणाघरातून फोन आला, अंग गरम लागतंय. जाळं तेव्हा चालूच होतं. सगळी चित्रं व्हायला एक वाजणार होता. मी रिक्षात बसेपर्यंत जाळ्याचा विचार डोक्यातून गेला होता.

त्याला म्हटलं, ती तीन चित्रं दाखव. त्याने माहितीपत्रकाचं दुसरं पान उघडलं. मुलांच्या चेहऱ्यांवरून मोठ्या अक्षरांत मजकूर गेलेला, कोपऱ्यात फोन नंबर. मजकूर बाजूला कर म्हटलं. त्याने उसासा टाकून तो सरकवला, आणि मग तोही पुढे वाकला.

तिन्ही चेहऱ्यांना डोळे नव्हते.

"हे असं होतं?" तो म्हणाला. "मी चौकटी जुळवत होतो, नीट बघितलंच नाही."

फायलीची वेळ मी त्यालाच वाचायला लावली. शुक्रवार, दुपारी एक अठरा.

मी त्याच्या टेबलाच्या कडेवर टेकले. सकाळपासून आम्ही सगळे उलटीकडून शोधत होतो. डोळे शनिवारी गेले नव्हते. जाळ्यातून चित्रं बाहेर पडली तेव्हाच ती बिनडोळ्यांची होती. एक अठरा ते चार या वेळात कुणीतरी बेचाळीस डोळे आणून बसवले होते.

"म्हणजे मी सुटलो?" भाच्याने विचारलं.

"सध्या," मी म्हटलं.

चार

बाई शुक्रवारी साडेतीनपर्यंत रुग्णालयात होत्या. दादा दीडला कागदाची रिळं आणायला गोदामात गेले ते साडेचारला परतले. गोदामाच्या पावतीवर वेळ होती. भाच्याला ब्रशने रेघ ओढता येत नाही, हे त्याच्या माहितीपत्रकावरून कुणालाही कळेल. उरले काका. ते दिवसभर त्यांच्या टेबलावर जुन्या स्कॅनवरची धूळ काढत बसले होते. पण काकांनी हे का करावं? आणि केलं तर सांगू का नये? उरतात म्हणून तेच, एवढ्यावर मी कुणाचं नाव घेणार नव्हते.

दुपारी मुलीला घेऊन घरी आले. तिचा ताप शनिवारीच उतरला होता. तरी मी दर तासाला कपाळ बघत होते आणि ती दर तासाला माझा हात झटकत होती. ती झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. शुक्रवारची चित्रं पुसली गेली असली तरी बाईंनी रुग्णालयाला मेल केलेला तक्ता होता: एका पानावर एकवीस चित्रं, लहान लहान. ती मेल मलाही आली होती. मी तो तक्ता मोठा करून चेहरा चेहरा बघायला घेतला.

नवव्या चित्रात चारेक वर्षांची मुलगी बाहुली कवटाळून बसली आहे. मुलीचे डोळे स्वच्छ, काळेभोर. बाहुलीचे डोळे फिसकटलेले.

मी ते चित्र बराच वेळ बघितलं. बाहुलीचे डोळे मुलीपेक्षा मोठे, जास्त काळे, जास्त ठळक होते. जाळं डोळे वाचवत असतं तर आधी बाहुलीचे वाचले असते. जाळ्याला मूल कुठलं आणि बाहुली कुठली हे कळत नाही. चौदाव्या चित्रातल्या मुलाच्या शर्टावर मांजर छापलं होतं. मांजराचा चेहरा नुसता डाग. मुलाचे डोळे शाबूत. हे काम करणाऱ्याला ठाऊक होतं की डोळे कुणाचे महत्त्वाचे.

मग मी काकांचे पाच जुने नमुने उघडले. गेले चार आठवडे मी त्यांत फक्त डोळे आणि बटणं बघत होते. आता मागचं बघितलं. तिसऱ्या नमुन्यात भिंतीवर विदूषकाचं मोठं चित्र होतं. विदूषकाला डोळे नव्हते.

म्हणजे नमुनेही निव्वळ इफेक्टचे नव्हते. मी महिनाभर एका बटणाची नक्कल करत होते, आणि ते बटण कधी अस्तित्वातच नव्हतं.

आणखी एक गोष्ट सापडली. नमुन्यांत प्रत्येक बुबुळावर, वर डावीकडे, पांढरा ठिपका होता, प्रकाश चमकावा तसा. शुक्रवारच्या तक्त्यातही तो होता, त्याच जागी. सतराव्या फोटोत खिडकी उजवीकडे आहे, मूळ फोटोतली चमक उजवीकडे आहे. रंगवलेल्या डोळ्यांत ती डावीकडे होती. उजेड कुठूनही येवो, या हाताला ठिपका डावीकडेच द्यायची सवय होती.

नमुन्यांच्या फोल्डरमध्ये एका चिठ्ठीचा फोटो होता. बाईंनी नमुने मागताना मुद्दाम लिहून घेतलेली. 'फक्त इफेक्ट. हात लावलेला नाही.' खाली काकांची सही.

मी लॅपटॉप मिटला, कारण मुलगी कुशीवर वळली होती. शेजारी फोन थरथरला. काकांचा होता.

"उद्या साडेआठला येशील का," ते म्हणाले. "बाई यायच्या आत. मला तुला काहीतरी विचारायचंय."

पाच

नवऱ्याने मंगळवारी मुलीला सोडायची जबाबदारी घेतली. मी साडेआठला पोचले तेव्हा काका आपल्या टेबलाशी पाठ ताठ करून बसले होते. वीस वर्षं टचअप करून त्यांची मान जरा डावीकडे कलली आहे. समोर दोन चहाचे कप होते. एक माझा. मी शब्द जुळवत आले होते, पण बोलायची सुरुवात त्यांनीच केली.

"पोरी, माझं तुझ्याशी काही वाकडं आहे का?"

"नाही, काका."

"मग तू ते पुसलंस कशाला?"

मला कळेना. ते म्हणाले की शुक्रवारी दीड ते पावणेचार, पाणी प्यायलाही न उठता, त्यांनी एकवीस चेहरे नीट केले. मूळ फोटोतले डोळे खालून हलक्या ब्रशने वर काढले, वर पांढरा ठिपका दिला. मला सांगायचं नव्हतं. सोमवारी मी बघीन, मला आनंद होईल, बस. आणि सोमवारी बघतात तर सगळं धुतलेलं. ते माझ्यावर रागावले होते. त्यांना वाटलं, कुणाच्या मदतीने नको म्हणून मी हट्टाने पुसलं.

मी त्यांना समजावलं की कुणीच पुसलं नाही. हे टूल झालेलं चित्र जपत नाही, फक्त कृती जपतं. दर वेळी बटण दाबलं की मूळ फोटो घेतं आणि पहिल्यापासून सगळं करतं. तयार चित्रावर रंगवलेलं त्याला माहीतच नसतं.

"म्हणजे शिजलेलं ओतून देऊन पुन्हा चूल पेटवतं?"

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

त्यांच्या एडिटरात एकदा काढलेली रेघ कुणी खोडेपर्यंत राहते. दुसरी काही रीत असू शकते हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग मी चिठ्ठीचं विचारलं. वाटलं होतं, ओशाळतील. ते उलट चकित झाले.

"त्याला हात लावणं म्हणत नाहीत," ते म्हणाले. "हात लावणं म्हणजे नाक सरळ करणं, रंग उजळवणं. डोळे तर असायलाच हवेत. बिनडोळ्यांचं मूल मी कुणाच्या हातात देऊ?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. एडिटर नवा आला तेव्हा पहिल्याच बाळाचे डोळे इफेक्टने खाल्ले होते. काकांनी ते परत आणले. बाळाची आई चित्र बघून म्हणाली, काय सुंदर इफेक्ट आहे. बाई खूश झाल्या, त्यांनी दहा जणांना सांगितलं. काकांनी ठरवलं, नंतर सांगू. मग ते राहूनच गेलं, आणि हात सवयीने तिकडे जात राहिला. मी चार आठवडे डोळ्यांशी झटापट करताना बघून त्यांना आपली चूक कळली होती. पण तोवर सही होऊन बसली होती, आणि महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते, कारण इफेक्ट आता माझ्या जाळ्यात आला होता.

"आपण असं करू," ते म्हणाले. "दादाला म्हण, मोठ्या मापाची चित्रं काढ. मी उद्यापर्यंत परत सगळे डोळे करतो. मग पुन्हा बटण दाबायचं नाही, झालं. बाईंना सांग, माप चुकलं होतं, दुरुस्त केलं. तुझी नोकरी राहील, माझी सही राहील."

मी चहाचा कप उचलला. खरं सांगायचं तर मला ते हवं होतं. दोन मिनिटं मी तसंच करणार होते. मनात बाईंना सांगायचं वाक्यही तयार झालं होतं. पण यानंतरचं काम दीडशे चित्रांचं होतं, काका तोवर घरी बसलेले असणार, आणि मी रोज सकाळी फोल्डर उघडताना श्वास रोखणार. मुलीचं कपाळ तपासताना रोखते तसा.

बाहेर बाईंच्या चपलांचा आवाज आला.

"नको, काका," मी म्हटलं.

सहा

बाईंनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मी आदल्या दिवशीच्या क्रमानेच सांगितलं: जाळं बदललं नव्हतं, माप कारण नव्हतं, एक अठराला डोळे नव्हते, बाहुली, विदूषक, डावीकडचा ठिपका. काकांचं नाव मी शेवटी घेणार होते, त्याआधीच ते मागून म्हणाले, "मीच."

"खालच्या मजल्यावरची बारा?" बाईंनी विचारलं.

"तीही."

"आणि त्याआधीची?"

"वीस वर्षांत सुटला असेल तर एखादा."

बाई खुर्चीत बसल्या. वीस वर्षं आपण लोकांना कुठला इफेक्ट दाखवत होतो, हे त्या मनातल्या मनात उलगडत असाव्यात. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"शुक्रवारी तुला कळलं नाही?"

मला हाच प्रश्न नको होता. मी म्हटलं, शंका आली होती. गुरुवारी मी कडांच्या डब्यात एक किरकोळ बदल केला होता; त्याने डोळे परत येणं शक्य नव्हतं. चार वाजता घरून चित्रं पाहिली तेव्हा हे माझ्या लक्षात आलं होतं.

"मग?"

"मुलीला ताप होता."

"ते कारण नाही."

"नाही," मी म्हटलं. "मला ते जमलेलं हवं होतं. म्हणून मी विचारलं नाही."

त्यांनी पर्समधून डायरी काढली. मला वाटलं, झालं. मनात पाळणाघराच्या शेवटच्या दिवसाचा हिशेब सुरू झाला. तरी एक गोष्ट दाखवायची राहिली होती, ती दाखवते म्हटलं. नोकरी राहो न राहो, ते काम अर्धं सोडवत नव्हतं.

मी जाळं उघडून तिसावा डबा टाकला. याचं काम साधं असतं: त्याला एक काळं पान द्यायचं. त्या पानावर जिथे पांढरं रंगवू, तिथे टूल इफेक्टऐवजी मूळ फोटो ठेवतं. म्हणजे हाताचं काम चित्रावर करायचं नाही, चित्राच्या आधी करायचं. मग जाळं कितीदाही चालवा, कुठल्याही मापात, हाताचं काम त्यात दर वेळी येणारच.

काकांना माझ्या खुर्चीवर बसवलं. नववं चित्र घेतलं. त्यांनी पेन उचललं आणि सवयीने थेट तयार चित्रावरच टेकवलं. इथे नाही, काका, म्हणून मी त्यांचं मनगट धरून काळ्या पानावर आणलं. ते कुरकुरले की काळ्यावर काय दिसतंय, आंधळ्यासारखं काम आहे. मी खालून फोटो पुसट दाखवला. मग ते पुढे वाकले. चार-पाच हलके फटकारे, दोन्ही डोळ्यांवर. बाहुलीकडे त्यांनी बघितलंही नाही. पांढऱ्या ठिपक्याला हात जाणार तेवढ्यात मी म्हटलं की फोटोतली चमक फोटोतूनच येईल. खिडकी कुठे आहे ते त्यांनी प्रथमच नीट बघितलं आणि पेन खाली ठेवलं.

मी बटण दाबलं. पाच मिनिटं कुणी जागचं हललं नाही. दादा आणि भाचाही दारात येऊन उभे होते. मुलगी डोळ्यांसकट बाहेर आली.

"पूर्ण मापात चालव," बाई म्हणाल्या.

या वेळी जास्त वेळ लागला. मुलगी तशीच आली.

"अजून एकदा," काका म्हणाले. कशाला, असं बाईंनी विचारलं तर म्हणाले, बघू दे मला. मी पुन्हा दाबलं. ते पडद्याच्या इतक्या जवळ गेले की त्यांच्या श्वासाने काच धुरकटली. डोळे जागच्या जागी होते.

बाईंनी रुग्णालयाला फोन लावला आणि चित्रं गुरुवारऐवजी शनिवारी लागतील असं सांगितलं. कारण विचारल्यावर त्या म्हणाल्या, आमची चूक. काकांना त्यांनी विचारलं नाही, सांगितलं, की महिनाअखेरीचं आता डोक्यातून काढा. चिठ्ठीचा विषय त्यांनी काढलाच नाही; मला वाटतं, तो त्या एकांतात काढणार होत्या, आणि तो काही गोड असणार नव्हता.

माझ्याकडे त्या शेवटी वळल्या.

"यापुढे पसंतीची चित्रं मी फोल्डरमधून बघणार नाही. जाळं माझ्यासमोर पुन्हा चालवायचं, जे बाहेर येईल ते बघायचं. दर शुक्रवारी. शंका आली तर त्याच दिवशी बोलायचं, ताप असो नाहीतर काही असो."

मी मान हलवली.

"अकराला सुरू करू," त्या डायरीत लिहीत म्हणाल्या. "बाराला धरलं तर तुझी एकला निघायची वेळ चुकेल."

मी हो म्हटलं आणि दहावं चित्र उघडलं. काकांनी खुर्ची पुढे ओढली, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, काळं पान कुठलं ते.